लेस्टरची निवडणूक : बावीस जागा गेल्या, सत्ता राहिली

४ मे २०२३ रोजी इंग्लंडमधील २३० स्थानिक संस्थांसाठी मतदान झाले. तेव्हा देशात सत्तेवर असलेल्या हुजूर पक्षाने त्या एका दिवसात हजाराहून अधिक जागा गमावल्या आणि विरोधातील मजूर पक्षाने पाचशेहून अधिक जागांची भर घातली. तेरा वर्षांच्या सत्तेचा शीण मतदारांना आला होता आणि पुढील वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीची ही नांदी आहे, असे निदान त्या निकालांवरून सगळीकडे केले गेले व ते खरेही ठरले. मात्र देशाच्या मधोमध वसलेल्या, साडेतीन लाखांहून अधिक वस्तीच्या लेस्टर शहराने त्याच दिवशी नेमका उलटा कौल दिला. २०१९ मध्ये ५४ पैकी ५३ जागा जिंकणारा मजूर पक्ष तेथे ३१ जागांवर आला, एकही जागा न मिळालेल्या हुजूर पक्षाने १७ जागा पटकावल्या, आणि हरित पक्ष व लिबरल डेमोक्रॅट यांच्या वाट्याला प्रत्येकी तीन जागा आल्या. देशभर धुव्वा उडालेल्या पक्षाला येथे मात्र घसघशीत यश मिळाले.

या निकालाकडे भारतात व इंग्लंडमध्येही प्रामुख्याने धर्माच्या चष्म्यातून पाहिले गेले. तो चष्मा पूर्णपणे खोटा नाही, परंतु त्यातून अर्धेच दिसते. उरलेले अर्धे पाहण्यासाठी त्या शहराची मतपत्रिका कशी असते, उमेदवारी कोण देते, मते कशी मोजली जातात आणि निवडून आलेल्यांच्या हाती प्रत्यक्षात काय पडते, हे समजून घ्यावे लागते.

दोन महापौर

लेस्टरला एकाच वेळी दोन महापौर असतात. त्यांपैकी ‘लॉर्ड मेयर’ हा मानाचा धनी असतो. गळ्यात पदाची साखळी घालून तो समारंभांना हजर राहतो, सभागृहाच्या बैठकांचे अध्यक्षस्थान भूषवतो आणि वर्षभराने पद सोडतो. दुसरा महापौर थेट मतदारांनी निवडलेला असतो आणि कार्यकारी सत्ता खऱ्या अर्थाने त्याच्याच हाती असते. ही दुसरी पद्धत लेस्टरमध्ये २०११ पासून आहे. अन्य बऱ्याच शहरांत थेट महापौर असावा की नाही यावर सार्वमत घेतले गेले; लेस्टरमध्ये मात्र सभागृहाने स्वतःच ठराव करून ही पद्धत स्वीकारली. त्याच वर्षी सर पीटर सोल्सबी यांनी खासदारकीचा राजीनामा देऊन ही निवडणूक लढवली व जिंकली. त्याआधी १९८० व १९९० च्या दशकांत त्यांनी दीर्घकाळ याच सभागृहाचे नेतृत्व केले होते.

महाराष्ट्रातील महानगरपालिकेत महापौर शोभेचा आणि कारभार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताचा, अशी विभागणी असते. लेस्टरचा निवडून आलेला महापौर या दोहोंपैकी कोणासारखाच नाही. नगरसेवकांमधून तो आपले छोटे मंत्रिमंडळ निवडतो, त्यांना खाती वाटतो, खाती काढूनही घेतो, आणि अनेक निर्णय सभागृहापुढे न नेता स्वतःच्या सहीने करू शकतो. नगरसेवकांनी अविश्वास ठराव आणून त्याला घरी पाठवण्याची सोय नाही, कारण त्याची नेमणूक त्यांनी केलेलीच नसते.

या सत्तेचे क्षेत्र मात्र मराठी वाचकाच्या अपेक्षेहून वेगळे आहे. पाणीपुरवठा खासगी कंपनी करते, रुग्णालये राष्ट्रीय आरोग्य सेवेची असतात, पोलिसांवर देखरेख ठेवण्यासाठी स्वतंत्र निवडून आलेला आयुक्त असतो, आणि बहुतेक बसही खासगी कंपन्यांच्याच असतात. नगर परिषदेकडे उरतात ते कचरा, रस्ते, ग्रंथालये, बागा, पालिकेच्या मालकीची भाड्याची घरे, बांधकाम परवानग्या, आणि सर्वांत खर्चीक अशी सामाजिक देखभाल, म्हणजे वृद्ध, अपंग व निराधार मुले यांची कायद्याने बंधनकारक असलेली काळजी. पैशाचा मोठा वाटा या शेवटच्या बाबीवरच जातो. घरपट्टीशी नाते सांगणारा ‘कौन्सिल टॅक्स’ वाढवायचा म्हटले, तर २०२३–२४ या वर्षी ५ टक्क्यांच्या आतच वाढवता येत होता. त्यापलीकडे जायचे तर स्थानिक सार्वमत घेण्याचे बंधन आहे. उमेदवार पत्रकांत काहीही लिहोत, जिंकल्यावर त्यांना हलवता येईल असा पैसा फार थोडा असतो, हे प्रचारात कोणीच मोठ्याने सांगत नाही.

तीन फुल्यांची मतपत्रिका

लेस्टरचे २१ प्रभाग आहेत. त्यांतील १२ प्रभाग प्रत्येकी तीन आणि ९ प्रभाग प्रत्येकी दोन नगरसेवक निवडतात. दर चार वर्षांनी सर्व जागांसाठी एकदमच निवडणूक होते. महाराष्ट्रातील बहुसदस्यीय प्रभागातही मतदाराला अनेक मते असतात, परंतु तेथे अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या असतात आणि प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र असते. लेस्टरमध्ये जागांची अशी फोड नसते. तीन जागांसाठी सर्व उमेदवारांची एकच यादी असते, मतदार त्यांतील हव्या त्या तिघांपुढे फुली मारतो, आणि सर्वाधिक मते मिळवणारे पहिले तिघे निवडून येतात. एखाद्याने एकच फुली मारली तरी त्याची मतपत्रिका बाद होत नाही, चार मारल्या तर मात्र होते.

बहुतेक मतदार एकाच पक्षाच्या तिघांना मते देतात, त्यामुळे प्रभागात चाळीस टक्के मते मिळवणारा पक्षही तिन्ही जागा घेऊन जाऊ शकतो. म्हणूनच या पद्धतीत मतांचा लहानसा झोका जागांच्या मोठ्या उलथापालथीत दिसतो. १९७६ मध्ये, युगांडातून आलेल्या आशियाई कुटुंबांविरुद्ध वातावरण तापलेले असताना, वर्णद्वेषी नॅशनल फ्रंटने लेस्टरमध्ये सुमारे १८ टक्के मते मिळवली होती, पण ती शहरभर विखुरलेली असल्याने त्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. त्या वेळी या पद्धतीने शहराचे रक्षण केले असे म्हणता येते. परंतु त्याच पद्धतीने २०११ व २०१५ मध्ये मजूर पक्षाला ५२ आणि २०१९ मध्ये ५३ जागा दिल्या, आणि शहरात मजूर पक्षाला मत न देणारे हजारो लोक असूनही सभागृहात विरोधक म्हणून उभे राहायला अवघा एकच सदस्य उरला. २०२३ चा निकाल धक्कादायक वाटला त्याचे एक कारण २०१९ चा निकालच मुळात फुगलेला होता, हे आहे.

महापौरपदासाठी त्याच दिवशी वेगळी मतपत्रिका होती आणि तिची पद्धत नुकतीच बदलण्यात आली होती. पूर्वी मतदार पहिली व दुसरी अशा दोन पसंती देत. कोणालाही निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास पहिल्या दोघांव्यतिरिक्त सर्व बाद होत आणि त्यांच्या मतदारांच्या दुसऱ्या पसंतीने निकाल ठरे. २०२२ च्या निवडणूक कायद्याने ही पद्धत रद्द केली आणि ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, असा साधा नियम आणला. सोल्सबी यांना २०१९ मध्ये साठ टक्क्यांच्या आसपास मते होती. २०२३ मध्ये ती चाळिशीच्या खाली आली. सुमारे ३५ हजार मते त्यांना, तर २६ हजारांहून अधिक हुजूर पक्षाचे संजय मोढवाडिया यांना मिळाली. जुन्या नियमाने दुसरी फेरी झाली असती. नव्या नियमाने सोल्सबी पहिल्याच मोजणीत चौथ्यांदा महापौर झाले. हा नियम हुजूर सरकारने आणला होता आणि लेस्टरमध्ये त्याने मजूर पक्षाच्या उमेदवाराचा मार्ग सोपा केला.

तिकीट कोणी कापले

निवडणुकीच्या आधीच्या सहा महिन्यांत लेस्टरच्या मजूर पक्षाने स्वतःचे जे करून घेतले, त्याला घरचा कलह म्हणणे सौम्य ठरेल. एरवी प्रभागातील पक्षसदस्य बैठक घेऊन आपले उमेदवार ठरवतात. या वेळी पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीने ही निवड आपल्या हाती घेतली आणि १९ विद्यमान नगरसेवकांची तिकिटे कापली. त्यांपैकी बहुसंख्य आशियाई किंवा कृष्णवर्णीय होते. त्यांच्यातील काही अपक्ष उभे राहिले, काही हुजूर पक्षात गेले. थेट निवडून येणाऱ्या महापौराचे पदच रद्द करावे, असा ठरावही त्याच सुमारास सभागृहात आला होता. त्या मागणीला पाठिंबा देणाऱ्या मजूर पक्षाच्या ज्येष्ठ नगरसेविका रिटा पटेल यांनी पुढे याच मुद्द्यावर महापौरपदासाठी अपक्ष उमेदवारी केली.

या घटनेचे महत्त्व कळण्यासाठी इंग्लंडमधील नगरसेवक प्रभागात काय करतो ते पाहायला हवे. तो ठरावीक दिवशी ग्रंथालयात किंवा समाजमंदिरात बसून लोकांच्या तक्रारी ऐकतो. पालिकेच्या घरात छत गळते, शाळेत प्रवेश मिळत नाही, वृद्ध आईला देखभालसेवा मंजूर होत नाही, अशी कामे घेऊन लोक त्याच्याकडे येतात. बेलग्रेव्हसारख्या दाट गुजराती वस्तीच्या भागात हे बोलणे गुजरातीतही चालते. अशा माणसाला पक्षाने दूर केले की त्याच्याबरोबर प्रचाराला फिरणारे नातेवाईक, मंडळे आणि दारादारांतील ओळख हेही पक्षाला सोडून जाते, आणि कमी मतदानाच्या निवडणुकीत प्रभागातील काही शे मते म्हणजे सर्व काही असते.

धर्माचा भाग याच्या जोडीला येतो. आशिया चषकातील भारत–पाकिस्तान सामन्यानंतर, ऑगस्ट २०२२ च्या अखेरीपासून, पूर्व लेस्टरमध्ये हिंदू व मुस्लिम तरुणांच्या गटांत तणाव वाढत गेला आणि १७ सप्टेंबरच्या आसपास रस्त्यावर उघड दंगा झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच, २४ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, ऋषी सुनक यांची हुजूर पक्षाच्या नेतेपदी निवड झाली. नोव्हेंबरमध्ये नॉर्थ एव्हिंग्टन प्रभागाच्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाची जागा हुजूर पक्षाच्या मोढवाडिया यांनी खेचून घेतली, तेव्हाच पुढच्या मे महिन्याची चाहूल लागली होती. मे मध्ये हुजूर पक्षाला जागा मिळाल्या त्या बेलग्रेव्ह, रशी मीड, नॉर्थ एव्हिंग्टन अशा पूर्व व ईशान्य भागांतील प्रभागांतून, जेथे गुजराती हिंदूंची वस्ती दाट आहे.

तथापि एवढ्यावरून ‘हिंदूंनी पक्ष बदलला’ असा एका ओळीचा निष्कर्ष काढणे आळसाचे आहे. याच प्रभागांनी चार दशके मजूर पक्षाला निवडून दिले, ते केवळ धर्मावरून नव्हे, तर वर्णद्वेषाविरुद्ध उभा राहणारा पक्ष आणि आपल्यातला माणूस उभा करणारा पक्ष म्हणून. ही दोन कारणे एकाच वर्षात विरली. दंगलीत पक्षाने आपली बाजू ऐकली नाही अशी भावना एका बाजूला आणि ‘आपला माणूस’ पक्षानेच काढून टाकला ही वस्तुस्थिती दुसऱ्या बाजूला, अशा दुहेरी कात्रीत मजूर पक्ष सापडला. शिवाय हरित पक्ष व लिबरल डेमोक्रॅट यांनीही त्याच्या जागा घेतल्या, त्याचा उलगडा हिंदू–मुस्लिम प्रश्नातून होत नाही. नोकरीच्या ठिकाणी गाडी उभी करण्यावर कर लावण्याची महापौरांची योजना शहरभर इतकी अप्रिय झाली होती की, नोव्हेंबर २०२२ मध्ये तिला मूठमाती द्यावी लागली. पण तिने निर्माण केलेला राग तेवढ्यात शमला असे नव्हे.

सात ते दहा

मतदान सकाळी ७ ते रात्री १० या वेळेत, गुरुवारी होते, आणि त्या दिवशी सुट्टी नसते. शाळा, चर्चची सभागृहे, समाजमंदिरे, आणि जागा मिळत नसेल तेथे मैदानात आणून ठेवलेली फिरती खोली, अशी मतदान केंद्रे असतात. यंत्र नाही, बोटाला शाई नाही. लाकडी आडोशात दोरीने बांधलेली पेन्सिल असते, तिने फुली मारायची आणि कागद घडी घालून काळ्या पेटीत टाकायचा. केंद्राच्या दारात छातीवर पक्षाच्या रंगाचे फितीचे फूल लावलेले स्वयंसेवक उभे असतात आणि बाहेर पडणाऱ्याला त्याचा मतदार क्रमांक विचारतात. त्यांना कायद्याने काहीही अधिकार नसतो, उत्तर देण्याचे बंधनही कोणावर नाही. हे क्रमांक कोणाच्या तरी घरातील बैठकीच्या खोलीत पोहोचतात, तेथे आपल्या समर्थकांच्या यादीतून त्यांची नावे खोडली जातात, आणि संध्याकाळी उरलेल्यांच्या दारावर थाप पडते. ज्या पक्षाकडे अशी माणसे आहेत त्याला प्रभाग मिळतो. तिकिटे कापल्यावर लेस्टरच्या मजूर पक्षाला पूर्व भागात याच माणसांची वाण पडली.

२०२३ च्या या निवडणुकीत इंग्लंडभर प्रथमच छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवणे सक्तीचे झाले. तोपर्यंत नाव व पत्ता तोंडी सांगितला की मतपत्रिका हाती पडत असे, यावर भारतीय मतदाराचा विश्वास बसणार नाही. नव्या नियमात ज्येष्ठांचा बस पास चालतो, पण तरुणांचे रेल्वे सवलतपत्र चालत नाही, यावरून टीकाही झाली. निवडणूक आयोगाच्या अहवालानुसार ओळखपत्राअभावी इंग्लंडभर सुमारे १४ हजार लोक केंद्रावर येऊनही शेवटी मत न देता राहिले.

उमेदवार होणे मात्र स्वस्त आहे. नगरसेवकपदासाठी अनामत रक्कम नाही, केवळ एक सूचक व एक अनुमोदक पुरतो. महापौरपदासाठी ३० मतदारांच्या सह्या आणि ५०० पौंड अनामत लागते, ती पाच टक्के मते न मिळाल्यास जप्त होते. खर्चाची मर्यादा तर इतकी कमी की, २०२३ मध्ये नगरसेवकपदाच्या एका उमेदवाराला ८०६ पौंड आणि प्रत्येक मतदारामागे ७ पेन्स एवढाच खर्च करता येत होता. या रकमेत छापील पत्रके होतात, ती दारांच्या फटीतून टाकायला पाय मात्र स्वतःचेच लागतात.

भारतीय पारपत्र, पोर्तुगीज पारपत्र

मतदार कोण, याचे उत्तर मराठी वाचकाला विशेष वेधक वाटेल. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्याची परवानगी असलेला कोणताही राष्ट्रकुल देशाचा नागरिक, म्हणजे भारतीय पारपत्र असलेला विद्यार्थी किंवा नोकरदारही, मतदार यादीत नाव नोंदवून नगर परिषदेसाठीच नव्हे तर संसदेसाठीही मतदान करू शकतो. पुण्या-नाशिकहून लेस्टरच्या दोन विद्यापीठांत शिकायला गेलेल्यांना हा हक्क पहिल्या दिवसापासून असतो.

लेस्टरमधील दुसरा गट दीव व दमण येथून आलेल्यांचा आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवण्याची वाट असल्याने, ती कुटुंबे युरोपीय नागरिक म्हणून इंग्लंडमध्ये आली. गोव्याची अनेक कुटुंबे याच वाटेने स्विंडनला स्थायिक झाली आहेत. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर युरोपीय नागरिकांचा स्थानिक मतदानाचा हक्क मे २०२४ पासून आकसला, परंतु पोर्तुगालशी स्वतंत्र करार असल्याने या मंडळींचा हक्क शाबूत राहिला. याच शहराच्या परिषदेने १९७२ मध्ये युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन, लेस्टरमध्ये जागा नाही, येथे येऊ नका, असे तेथील आशियाईंना बजावले होते. २०२१ च्या जनगणनेत शहरातील ४३ टक्के लोक आशियाई वंशाचे निघाले.

मोजणी

मोजणी हातांनी होते आणि ती दोन टप्प्यांत चालते. आधी प्रत्येक पेटीतील कागद मोजून केंद्रप्रमुखाने लिहून दिलेल्या आकड्याशी ताडून पाहतात. हा हिशोब जुळल्याखेरीज कोणाला किती मते, हा प्रश्नच येत नाही. त्यानंतर तिन्ही फुल्या एकाच पक्षाला असलेले कागद बाजूला काढून त्यांचे गठ्ठे बांधले जातात, ते पटकन मोजून होतात. खरा वेळ जातो तो मिश्र मतांत. एक मत मजूर, एक हरित, एक अपक्ष, अशा कागदांची एक-एक फुली मोठ्या तक्त्यावर नोंदवावी लागते. २०२३ मध्ये लेस्टरच्या टेबलांवर या मिश्र कागदांना महत्त्व आले, कारण पक्षाने वगळलेल्या ओळखीच्या नगरसेवकाला एक फुली आणि जुन्या पक्षाला दोन, असे मतदान करणे या पद्धतीत सहज शक्य असते.

टेबलापलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी उभे असतात; कागदाला हात लावण्याची त्यांना मुभा नसते, पण उलगडणाऱ्या प्रत्येक कागदावर त्यांची नजर असते. संशयास्पद मतपत्रिका निवडणूक निर्णय अधिकारी सर्वांदेखत तपासतो आणि मतदाराचा कल स्पष्ट असेल तर फुलीऐवजी बरोबरची खूण केलेली मतपत्रिकाही ग्राह्य धरतो. दोन उमेदवारांना अगदी सारखी मते पडली तर चिठ्ठी टाकून निकाल लावतात. नॉर्थंबरलँडमध्ये २०१७ साली एका जागेचा निकाल काड्या ओढून लागला आणि त्या काडीपायी हुजूर पक्षाचे तेथील बहुमत हुकले.

छत्तीसचा आकडा

निकालानंतर सभागृहातील चित्र पालटले. एका सदस्याच्या विरोधी बाकावर आता २३ जण बसले. ठरावीक संख्येने नगरसेवकांनी मागणी केल्यास महापौराचा निर्णय फेरविचारासाठी अडवून धरता येतो. पूर्वी एकट्या सदस्याला ते साधणारे नव्हते, या निकालानंतर हुजूर पक्षाला ते स्वबळावर साधू लागले. निर्णयांची छाननी करणाऱ्या समित्यांत खरे प्रश्न विचारले जाऊ लागले, वृत्तपत्रांना दुसरी बाजू मिळाली. पूर्व लेस्टरमधील या यशाचा माग पुढे संसदेपर्यंत गेला. जुलै २०२४ मध्ये देशभर हुजूर पक्ष कोसळत असताना लेस्टर ईस्ट ही मजूर पक्षाची जागा शिवानी राजा यांनी हुजूर पक्षासाठी जिंकली आणि त्या निवडणुकीत त्या पक्षाने दुसऱ्याकडून हिसकावलेली ती एकमेव जागा ठरली. त्याच रात्री गाझाच्या प्रश्नावरून लेस्टर साउथमध्ये मजूर पक्षाचे बडे नेते जोनाथन ॲशवर्थ अपक्ष उमेदवाराकडून पराभूत झाले. ज्या पक्षाने हिंदू व मुस्लिम अशा दोन समाजांना एका छत्राखाली धरले होते, तो दोन्हीकडून झिजला.

कारभारात मात्र फारसे काही हलले नाही. बेलग्रेव्ह रोडवर सोनारांच्या व साड्यांच्या दुकानांसमोर दिवाळीत किती दिवे लागावेत, रस्ता किती तास बंद ठेवावा, हे नगर परिषदच ठरवते. २०२५ मध्ये गर्दीच्या सुरक्षिततेचे कारण देऊन तिने तेथील रंगमंच व आतषबाजी वगळली. त्या भागातील नगरसेवक ज्या पक्षाचे आहेत, त्या पक्षाच्या हाती हा निर्णय नव्हता. महापौराने मांडलेले अंदाजपत्रक बदलायचे असेल, तर सभागृहात साधे बहुमत पुरत नाही. कायद्याने दोन-तृतीयांश मते लागतात. ५४ च्या सभागृहात ती ३६ होतात. २०२३ च्या निकालाने विरोधकांकडे २३ मते आली, आणि चाळीस टक्क्यांहून कमी मतांवर निवडून आलेल्या महापौराला आपले अंदाजपत्रक शाबूत राखण्यासाठी ५४ पैकी १९ नगरसेवक पुरेसे ठरतात. त्याच्याकडे ३१ होते.